जवळ्याची राखण

पालघरचा भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही शिरगावात घर घेतलं, तेव्हा समुद्राची हवा आईला मानवेल असं मी छाती पुढे काढून सांगत होतो. मानवली नाही. तिला विसर पडत चालला होता आणि नव्या घरात काहीच ओळखीचं वाटेना. न्हाणीघर शोधत ती स्वयंपाकघरात जाई आणि विचारी, "आपण कुणाकडे आलोय रे?" मी दाराला वर कडी बसवली. रोज देवापुढे बसून मात्र त्याला विचारत होतो, की बाबा, तू तरी या पत्त्यावर आलायस का?

एका सकाळी माझ्याच हातून कडी उघडी राहिली आणि आई निघून गेली.

मी गावातल्या किल्ल्यापर्यंत धावलो, गल्ल्या पालथ्या घातल्या. शेजाऱ्यांना हाका मारायच्या, तर एकाचंही नाव ठाऊक नव्हतं; तीन महिने मी नुसती दारं लावून घेतली होती. शेवटी मारुतीच्या पायरीवर बसलो. नवससुद्धा सुचेना. एवढंच म्हणालो, "माझ्याच्यानं होत नाही. आता तूच बघ."

जरा वेळानं किनाऱ्याकडून आवाज आला, "हुश्श मेल्या, पुन्हा आलास तर बघ." हा आवाज मी लहानपणी भरपूर ऐकलाय, पाठीवरच्या धपाट्यासकट. धावलो. वाळत घातलेल्या जवळ्याशेजारी, जन्मात मासळी न शिवलेली माझी आई डोक्याला कुणाचा तरी टॉवेल गुंडाळून, काठीनं कावळे हाकत बसली होती.

जवळा पसरणारी कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुजी आय हाय ना? एकटीच फिरत व्हती. घर इचारलं, नाय सांगता आलं. हातात काम दिलं का मानूस एका जागी बसतंय."

"मावशी, आम्ही मासे खात नाही हो."

"ती खातेय कुटं? राखतेय. कावल्यांना इचार."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "उभा काय राहिलास? जवळ्यावर सावली पडतेय."

कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. आईला सांभाळणारा मी एकटाच, हा माझा तोरा तेवढा त्या वाळूत उतरला. आता रोज सकाळी किनाऱ्यावर मावशी हात पुढे करतात आणि मी आईचा हात त्यांच्या हातात देतो. पहिल्या दिवशी माझीच बोटं सुटता सुटेनात. हल्ली सुटतात, आणि मग नमस्काराला माझे दोन्ही हात मोकळे होतात.