साडूबुवांची काच

जगात पोलीस दोन प्रकारचे असतात: एक वर्दी उतरवल्यावर माणसासारखे वागणारे, आणि दुसरे आमचे साडूबुवा. नांदेड जिल्ह्यातली निम्मी ठाणी पालथी घालून ते फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि महिन्याभरात नांदेडच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात सुरक्षाप्रमुख म्हणून रुजू झाले. मधला महिना त्यांनी घरी काढला. त्या काळात दूधवाल्यानं आपलं पूर्ण नाव, राहणार, धंदा एवढं सांगितल्याशिवाय पातेलं पुढे यायचं नाही. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, दवाखान्याची नोकरी लागली त्या दिवशी हनुमानाला नारळ फोडून आली.

दवाखान्यात त्यांच्या हाताखाली अकरा गार्ड होते. बहुतेक मुदखेड-भोकरकडचे, शेतीत भागत नाही म्हणून आलेले. सकाळी सात वाजता अँब्युलन्सच्या शेडमध्ये त्यांची परेड व्हायची. 'बंदोबस्त' हा शब्द उच्चारल्याशिवाय साडूबुवांचा दिवस सुरू होत नसे. मुख्य दाराला ते 'नाका क्रमांक एक' म्हणत, लिफ्टला 'घाट' आणि संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला 'जत्रा'. बंदोबस्ताचा नकाशा ते जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर काढत. त्यामुळे कुणाच्या तरी बरगड्यांमधून गार्ड क्रमांक चार कुठे उभा राहणार ते कळायचं. एकदा एका म्हाताऱ्याची चप्पल हरवली तर त्यांनी रीतसर पंचनामा केला. 'डाव्या पायाची, रंग मूळचा काळा, अंगठा शिवलेला.' पंच म्हणून कातडीच्या डॉक्टरांची सही घेतली. डॉक्टर हसत होते. साडूबुवा हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत चप्पल सापडली आणि साडूबुवांनी ती दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे ठेवली.

आमच्याकडे एक माणूस आजारी पडला की गाव आजारी पडतं. पेशंट एक आणि टेम्पोतून उतरणार बावीस. त्यातला प्रत्येक जण 'मी जवळचा' म्हणणार. आत सोडायचं एकालाच, मग पास द्यायचा कुणाला? आधार कार्ड पाहून नातं कळतं, माया कळत नाही, असं साडूबुवांचं मत. त्यांनी एक युक्ती काढली होती आणि ती अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणाला सुचली नसती. घोळक्यासमोर उभं राहून ते एकच प्रश्न विचारत, "पेशंटनं शेवटचं काय खाल्लं?"

कडक इस्त्रीवाले, फोनवर आमदारांशी बोलत असल्याचं दाखवणारे, 'आम्ही कोण आहोत माहीत हाय का' म्हणणारे सगळे एकमेकांकडे बघत. मागून कुठून तरी एक सून, एखादा सालगडी, एखादी बहीण हळूच बोले, "काल सांजच्याला भाताची पेज, वाटीभर. त्यातली बी अर्धी ओकली." पास तिला. बाकीच्यांना बाकडं आणि चहा. "डॉक्टर आत काय इचारतेत? काय खाल्लं, गोळी कवा घेतली," ते मला समजावत. "हे मोठ्या आवाजाचे आत जाऊन ठोकून देतेत कायबी. ज्यानं घास भरवला त्यालाच म्हाईत असतं, पाव्हणं."

मला हा प्रश्न फार आवडायचा. तो मला विचारला जाईपर्यंत.

माझी आई अहमदपूरला धाकट्या भावाकडे असते. मी लातूरला प्राध्यापक. तिला छातीत दुखायला लागलं, तेव्हा भावानं आणि भावजयीनं साडूबुवांच्या भरवशावर तिला थेट नांदेडला नेलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पोचलो. नाका क्रमांक एकवर साक्षात साडूबुवा उभे.

"पास?"

"अहो साडूबुवा, माझी आई आहे आत!"

"आई हाय म्हनूनच इचारतो. काल राती काय जेवल्या?"

मी कॉलेजात तीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. त्यात मुलं कशी गडबडतात ते मला पाठ आहे. मी तसाच म्हणालो, "हलकंच काहीतरी... लापशी वगैरे असेल."

माझ्या मागून भावजय म्हणाली, "दुधात कुस्करून चतकोर भाकर. गूळ नको म्हणाल्या."

पास तिला गेला. मला बाकडं आणि चहा मिळाला. दोन तास मी त्या बाकड्यावर साडूबुवांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसलो. घरी येऊन बायकोला सगळं तावातावानं सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "पण खरंच माहीत नव्हतं का तुम्हाला?" या प्रश्नाचा मला साडूबुवांपेक्षा जास्त राग आला. आई बरी होऊन घरी आली, तरी तो राग काही लवकर गेला नाही.

पुढे दवाखान्यात नवे व्यवस्थापक आले. तरुण, हुशार, गोड बोलणारे. त्यांनी अतिदक्षता विभागाला काचेचा सरकता दरवाजा बसवला. कार्ड लावलं तरच उघडणारा. कार्ड कुणाला, ते कॉम्प्युटर ठरवणार. मागचं दार कायमचं बंद केलं. साडूबुवांचा प्रश्नही बंद. व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून गोड आवाजातच सांगितलं, की दरवाजा फार महाग आहे, गर्दीत त्याची काच फुटली तर सुरक्षेचं सगळं काम एजन्सीकडे जाईल. म्हणजे साडूबुवा तर घरी जातीलच, पण ते अकरा जणही.

त्या दिवसापासून साडूबुवांनी काच जिवापाड जपली. सकाळी परेड झाली की स्वतः ओल्या फडक्यानं पुसायचे. कुणी टेकलं तर शिट्टी. "माझी न्हाई ती," मला म्हणाले, "अकरा घरांची काच हाय."

आईच्या फेरतपासणीसाठी मी तिला घेऊन गेलो होतो. इस्लापूरकडची एक टोळी त्या दिवशी पहाटेच आलेली. म्हाताऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन तातडीनं करायचं ठरलेलं. कार्ड पुतण्याच्या नावावर, कारण कागदांवर सही त्याची. म्हातारा आत हटून बसला होता. म्हातारीला बघितल्याशिवाय टेबलावर जाणार नाही म्हणत होता. तिला आत सोडायला डॉक्टरांचीही हरकत नव्हती. पुतण्यानं कार्ड लावलं. तेवढ्यात लाईट गेली, आली, आणि दरवाजा अडकला. लाल दिवा लुकलुकत राहिला. आतून नर्स हात हलवत होती, घाई करा म्हणून. यंत्रवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, बंद करून चालू करा. ते चार वेळा करून झालं. जोर लावून सरकवूनही झालं. गर्दी तापली. एका पोरानं कोपऱ्यातली कुंडी उचलली.

"ठेव खाली," साडूबुवा म्हणाले. आवाज चढवला नाही. पोरानं ठेवली.

मग ते गर्दीकडे वळले आणि बऱ्याच महिन्यांनी तो प्रश्न विचारला. "म्हातारबानं शेवटचं काय खाल्लं?"

सगळे पुतण्याकडे बघायला लागले. पुतण्या हातातले कागद चाळायला लागला. भिंतीशी उकिडवी बसलेली म्हातारी मान वर न करता म्हणाली, "काल राती घरी जवारीच्या कन्या शिजवून दिल्त्या. दोन पळ्या. सकाळधरनं उपाशीच ठेवून राहिलेत त्यास्नी."

साडूबुवांनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा आपल्या गार्डांकडे. मी त्यांच्याकडेच बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला घाबरलेला दिसला. मग त्यांनी शिट्टी मारली. बाहेरच्या गर्दीला दहा पावलं मागे घेतलं, आत नर्सला खुणेनं बाजूला केलं, भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं काढलं आणि दोन घावांत दरवाजा खाली आणला. म्हातारीच्या पायांत काही नव्हतं. देवळाबाहेर काढाव्यात तशा तिनं चपला जिन्याखाली काढल्या होत्या. साडूबुवांनी आपला वर्दीचा कोट काचांवर अंथरला, वर दोन चादरी घातल्या आणि तिला हाताला धरून आत नेलं.

आता दरवाजा नव्हताच. नुसती चौकट होती आणि बाहेर वीस माणसं. एकानंही आत पाऊल टाकलं नाही.

नंतर त्यांनी कागद मागवला आणि पंचनामा केला. 'काच फोडणारा इसम मी स्वतः. गार्ड लोकांचा व नातेवाइकांचा दोष नाही. इसमास पश्चात्ताप नाही.' पंच म्हणून मी सही केली. इतक्या अभिमानानं मी पीएच.डी.च्या प्रबंधावरही सही केली नव्हती. त्याच कागदामागे त्यांनी राजीनामा लिहिला. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. त्यानं राजीनामा घेतला आणि अकरा जणांना ठेवलं. म्हातारा ऑपरेशनमधून सुखरूप उठला. दिवाळीला साडूबुवांच्या घरी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं आलं.

साडूबुवा आता मुदखेडला घरी असतात. अंगणात भेंडी लावली आहे आणि तिच्यावर बकऱ्यांचा बंदोबस्त ठेवतात. मजेत आहेत. अकरापैकी कुणी ना कुणी दर रविवारी येऊन जातो.

मी मात्र रोज संध्याकाळी आईला फोन करतो आणि काय जेवलीस ते विचारतो. सुरुवातीला परीक्षेच्या धास्तीनं विचारायचो, आता विचारल्याशिवाय मलाच जेवण जात नाही. परवा तिनं सगळं सांगितलं, मेथीची भाजी, अर्धी भाकर, ताक, आणि मग म्हणाली, "आन् त्या तुज्या पोलिसाला इचारलास का रं कधी? समद्यांला इचारत फिरला बिचारा."

मी कधीच विचारलं नव्हतं. फोन लावला. "साडूबुवा, काय जेवलात?"

पलीकडून पंचनाम्याच्या आवाजात उत्तर आलं. "वरण-भात. वाटीभर. वांग्याची भाजी नको म्हनलो." मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाले,

"पाव्हणं, या की एकदा. तुमाला पास हाय."