दादाच्या नावाचा रोडगा

देवाच्या अनुभवाविषयी लिहिणारा माणूस निदान रोज दिवा लावणारा तरी असावा. मी तसा नाही. मी नागपूरला वसतिगृहात राहून बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नाही. आणि मी जे सांगणार आहे त्यात देवापुढे हात जोडण्यापेक्षा त्याच्याशी भांडणंच जास्त झालं. भक्तांच्या ओळीत येऊन बसण्याचं माझं हे धाडस वाचकांनी पोटात घालावं. तोंडी सांगायला गेलो की माझी जीभ अडखळते, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव काटोल तालुक्यात, डांबरी सडकेपासून बरंच आत. घरची शेती आहे, थोडी संत्र्याची झाडं आहेत. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उंबराखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो आमचा कुळदेव, भैरवबुवा. दर पौषात, संक्रांतीच्या सुट्टीला लागून येणाऱ्या रविवारी, सगळं कुळ तिथे जमतं. लग्न होऊन गेलेल्या बहिणी, आत्या, चुलते, त्यांची लेकरंबाळं, सारे. गोवऱ्यांची रास पेटवायची, तिचा निखारा झाला की कणकेचे रोडगे त्यात पुरायचे, वरून राख ओढायची, आणि भाजले की वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर तिथेच मांडी घालून खायचे. कुळात जितके जीव तितके रोडगे, प्रत्येकाच्या नावाचा एक. जो दूर असेल त्याच्या नावाचा रोडगा त्याच्या बापानं, भावानं किंवा मुलानं विस्तवात ठेवायचा. मेलेल्याच्या नावाचा ठेवत नाहीत. आणि एकदा राख ओढली की तो विस्तव देवाचा झाला, मागाहून त्यात काही घालता येत नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, बालाघाटकडच्या खाणींवर कामाला म्हणून गेला होता. पहिल्या पावसाळ्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी निरोप यायचे, मग ते थांबले. बाबा स्वतः जाऊन शोधून आले, कोणाला काही सांगता आलं नाही. दोन पौष त्याच्या नावाचा रोडगा बाबांनी ठेवला आणि त्यांनीच खाल्ला. त्याला मूलबाळ नाही. वहिनी आमच्याच घरी राहते, कपाळाला कुंकू लावते, आणि दादाविषयी कोणी काही बोललं की उठून गोठ्यात जाते.

त्या वर्षी रोडग्यांच्या आदल्या संध्याकाळी गावचा एक शेजारी संत्री घेऊन नागपूरला आला होता. तो वसतिगृहावर मला भेटायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "यंदा तुह्या दादाचा रोडगा नाई ठेवत म्हनते तुहे बाबा. वहिनीचा भाऊ बी येऊन राहिला उद्या, तिले न्यायाले."

मला समजलं. आमच्यात पाट लागतो, नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लग्न होतं. वहिनीचं वय कमी, तिनं जन्मभर रस्त्याकडे पाहत का बसावं, असं बाबांना वाटलं असणार. ते निर्दय नाहीत. पण दादाचा रोडगा त्या विस्तवात गेला नाही, तर सगळ्या कुळासमोर आणि तिच्या भावासमोर दादा मेला असं ठरणार होतं. आणि ज्या बाईचं आयुष्य त्यावर ठरायचं, तिला कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. बाबा ठेवणार नसतील, तर ठेवण्याचा हक्क असलेला भाऊ उरलो मी एकटा. राख ओढण्याआधी मला तिथे पोचायचं होतं.

त्याच रात्री गारपीट झाली. सकाळी बसच्या चौकशीच्या खिडकीवर सांगितलं की काटोलच्या सडकेवर झाडं पडली आहेत, आज गाडी सुटायची नाही. वरून पाऊस, आणि हाडं गोठवणारा वारा. माझ्या अंगावर एक विरलेला स्वेटर होता. मी स्टँडवर उभा राहून मनातल्या मनात भैरवबुवाला म्हणालो, तुला आज माझी वाट अडवायची असेल तर अडव. मी येणार. तुला नवस बोलणार नाही, तुझ्याकडे कौल मागणार नाही. तू दादाला मेला म्हणत असशील तर तुझ्यासमोर येऊन मी नाही म्हणेन. असं बोलणं पाप असेल. तेव्हा ते मला पाप वाटलं नाही, आणि आज खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

मी काटोल नाका ओलांडून पायीच निघालो. चिखलात चप्पल तुटली, ती हातात घेतली. सडकेच्या कडेला गारांचे ढीग अजून वितळत होते, बाभळींचा पाला ठेचून गेला होता. बऱ्याच वेळानं मागून एक ट्रक आला आणि पुढे जाऊन थांबला. चालवणारा माणूस बाबांच्या वयाचा होता, कानाला मफलर गुंडाळलेला.

"कुठं चालला बे पोट्ट्या असल्या पान्यात? बिहाव हाये का तुहा?"

मी म्हटलं, "गावाले जातो. आमचे कुळाचे रोडगे आहेत."

"रोडगे खायासाठी मरून राहिला का? चाल, चढ वर."

ते काटोलला संत्री भरायला निघाले होते. झाडाखाली पडलेला माल आज उचलला नाही तर सडेल, म्हणून मालकानं धाडलं होतं. पेट्यांत घालायचं धानाचं तणीस, म्हणजे भाताचा सुका पेंढा, मागे ताडपत्रीखाली भरलेलं होतं, काही आत पायाशी कोंबलेलं. त्यांनी विचारलं तसं मी सगळं सांगितलं. माझे दात वाजत होते, त्यामुळे बोलणं नीट उमटत नव्हतं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "आमी छप्पन सालीच देव सोडले. तुह्या दगडाचं मले काई मालूम नाई. पन तुहा भाऊ जिता हाये म्हनतं न तू?"

"कसं सांगू. मेला असं कोणी पाहिलं नाही."

"मंग ठीक हाये."

मी म्हणालो, "देवाच्याच मनात नाही असं वाटते. नाहीतर आजच पाणी काहून पडलं असतं?"

"पान्याले का मालूम तू कोन हाये?" ते म्हणाले. "पानी पडून राहिलं, तू जाऊन राहिला. बस."

दोन ठिकाणी झाडं आडवी होती. एक आधीच कोणी बाजूला ओढलेलं होतं. दुसऱ्याच्या फांद्या आम्ही दोघांनी तोडल्या, आणि ट्रक शेतातून चाक घालून पलीकडे काढला. माझं काकडणं पाहून त्यांनी मला शर्टात तणीस भरायला लावलं. "कोंब, कोंब. लाजू नको. आमी थंडीत हेच करतो." वरून खताच्या रिकाम्या पिशवीची खोळ करून दिली. आमच्या फाट्यावर त्यांनी मला उतरवलं. मी नाव विचारलं, तर म्हणाले, "नाव काय करतं? पय लवकर." आणि ट्रक गेला.

फाट्यापासून नाला गुडघाभर पाण्यातून ओलांडून वावरात पोचेपर्यंत पाऊस थांबला होता, पण दुपार झाली होती. रोडगे सकाळीच पुरतात. वाटेत मी हिशेब सोडून दिला होता, फक्त चालत होतो. आता फार तर राखेपुढे उभं राहून भांडायचं, एवढंच माझ्या मनात उरलं होतं.

उंबराखाली सगळे होते. पण कोणी जेवत नव्हतं. घरच्या बायका रासेभोवती वाकून फुंकत होत्या, नुसता धूर होत होता. गोवऱ्या रात्रीच्या पावसात भिजल्या होत्या. घरून आणलेला विस्तव सकाळपासून विझत होता, रॉकेल ओतलं तर तेवढंच जळून जात होतं. परातीत रोडगे ओल्या फडक्याखाली तसेच पडले होते. ज्या पावसाला मी नागपूरपासून शिव्या देत आलो, त्यानंच तो विस्तव माझ्यासाठी अडवून धरला होता. हे मी तिथे उभं राहून पाहिलं. यापलीकडे त्याचं मी काही सांगू शकत नाही.

आत्या मला पाहून म्हणाली, "आलं पाहा बुजगावनं. पोटात का भरलं गा?"

मी खोळ काढली, शर्टातून तणीस उपसलं. ते कोरडं होतं, अंगाच्या उबेनं अजून कोमट होतं. मी ते रासेखाली सरकवायला लागलो, तेव्हा आत्यानं हात धरला. "कोनाचं हाये थे?"

"एका ट्रकवाल्याचं. देव न मानणाऱ्याचं हाये, आत्या. चालत नसेल तर एक कोरडी गोवरी दाखव."

आत्यानं दगडाकडे पाहिलं, मग डोक्यावरचा पदर सारखा केला. "लाव मंग. भैरवबुवाले बी थंडी वाजतच असन."

तणीस भडकलं. गोवऱ्या आधी कुरकुरल्या, मग धरल्या. निखारा होईपर्यंत मी बाबांसमोर उभा राहिलो. वहिनीचा भाऊ त्यांच्याच बाजूला बसला होता. मी म्हटलं, "बाबा, दादाचा रोडगा मी ठेवतो."

"ठरलं हाये थे."

"मले कोणी विचारलं नाही. वहिनीले बी कोणी विचारलं नाही."

"कॉलेजात हेच शिकवते का, बापाले आडवं जायाले?"

"नाही. हे घरीच शिकलो."

चुलते खाली मान घालून हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिनं परातीवरचं फडकं थोडं वर उचललं. कडेला एक रोडगा वेगळा ठेवलेला होता. तो तिनं पहाटेच सगळ्यांबरोबर वळला होता, कोणाला न सांगता. तिच्या भावानं तो पाहिला आणि तोंड फिरवून नाल्याकडे बघत बसला.

बाबा म्हणाले, "ठेव."

मी दादाचं नाव घेऊन तो रोडगा निखाऱ्यात ठेवला. आत्यानं राख ओढली. तो बाकीच्यांसारखाच भाजून निघाला, एका बाजूनं थोडा काळा. कसली खूण झाली नाही. मी अर्धा खाल्ला, अर्धा वहिनीनं. तिचा भाऊ पोटभर जेवला आणि संध्याकाळी एकटाच परत गेला.

मी अजूनही रोज पूजा करत नाही. पण तेव्हापासून एवढं कळलं आहे की मला जायचं तेवढं मी चालायचं, आणि पाऊस पाडायचा की थांबवायचा, कोणाचा ट्रक कुठे उभा करायचा, हे माझ्या हातात नाही असं मानून चालायचं. याला शरण जाणं म्हणत असतील तर मी शरण गेलो. भांडण मात्र मी मागे घेतलेलं नाही, आणि देवानंही ते मनावर घेतलं नसावं. त्या ट्रकवाल्यांना मी पुन्हा काटोल नाक्यावर पुष्कळ शोधलं. ते भेटले नाहीत. देवाला जो नमस्कार राहिला आहे तो आधी त्यांना.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका दुपारी बाबा कॉलेजात आले. ते यापूर्वी कधी आले नव्हते. फाटकाच्या आत यायला संकोचून बाहेरच धोतराचा सोगा हातात धरून उभे होते. मी धावत गेलो. मला वाटलं, वाईट काही असणार.

"थोरला आला," बाबा म्हणाले.

मी त्यांचा हात घट्ट धरला.

"खानीत दरड पडली होती, एक पाय गेला. असं लंगडं होऊन घरी कसं यावं म्हनून तिकडंच कुठं आडरानात चौकीदारी करून राहिला होता. सोमवारी आला, काठी टेकत."

"वहिनी?"

"दोन दिवस बोल्लीच नाई त्याच्याशी. सयपाक करे, ताट ठेवे, गोठ्यात जाये." बाबांनी फाटकाच्या गजाला पाठ टेकली. "काल मात्र अशी भांडली, अशी भांडली, का अर्धं गाव आंगनात जमा झालं. मी म्हटलं, चाला, आता याले कोनी मेला म्हनत नाई."