संवेगाचं गणित

चौऱ्याहत्तर साली बोरघाट उतरताना सदूचा टेंपो समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळला आणि सदू जागीच गेला. त्याचे थोरले भाऊ कोंडाजी मास्तर दहिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवत. चूक ट्रकवाल्याची, हे सिद्ध करायला ते गणित मांडून बसले. दोन्ही गाड्या एकमेकींत रुतून जागच्या जागी थांबल्या होत्या, म्हणजे टकरीआधीचा एकूण संवेग शून्य. ट्रक टेंपोच्या चौपट जड, चढणीवर ताशी जेमतेम पंधरा किलोमीटरनं येणारा. म्हणजे सदू साठनं उतरत होता. मास्तरांनी आकडे तीनदा तपासले.

"काय निघालं, भाऊजी?" सदूच्या बायकोनं, सुंदरानं विचारलं.

"चूक सदूचीच हाय गं."

"कोर्टात सांगणार?"

"विचारलं तर सांगीन."

त्यांनी सांगितलं. सुंदरा नुकसानभरपाईचा खटला हरली, आणि मास्तरांच्या घरचं पाणीही तिनं पुन्हा घेतलं नाही.