रायलीच्या डोक्यातली खळ

रायलीला तिच्या केसांचा भारी अभिमान. असेना का, पण ते केस चार दिवसांत तेलकट होऊन कपाळाला चिकटायचे, आणि डोकं धुवायचं ते फक्त शनिवारी, सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, हा तिच्या आईने घालून दिलेला नियम. मधल्या दिवसांवर तिचा उपाय ठरलेला. तीन चमचे बटाट्याचं पीठ आणि एक चमचा कोको. कोको अशासाठी, की केस तपकिरी रंगवलेले. नुसतं पांढरं पीठ लावलं की बाई एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारी. जाड ब्रशने ते मुळांशी थापायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि डोकं खाली घालून झटकायचं. केस खरंच फुलायचे, नाही म्हणत नाही. मी डेअरीत सव्वीस वर्षं तिच्या शेजारी बसून दुधाची वजनं लिहिली. तेव्हापासून ती जवळ आली की मला केक खावासा वाटतो.

"अगं, दुकानात कोरड्या शाम्पूचा फवारा मिळतो की," मी म्हणायचे.

"त्यात तरी काय असतं? पीठच ना? पीठ माझ्या घरात आहे."

नवरा जाऊन तिला नऊ वर्षं झाली होती. एकदा कॉफी पिता पिता तिने सरळच सांगितलं, "एकटीपुरते बटाटे उकडायचा वीट आलाय मला. समोर बसून जेवणारं कुणीतरी हवंय. नाही बोललं तरी चालेल."

न बोलणारा माणूस आमच्या भागात शोधावा लागत नाही. निवृत्तांच्या बुधवारच्या नाचात ओस्मो तिच्याबरोबर अकरा बुधवार नाचला आणि एकूण नऊ शब्द बोलला, त्यातले चार हवेबद्दल. बाराव्या बुधवारी म्हणाला, "शनिवारी. दोन वाजता. कॉफीला. हेल्लेवी असेल."

हेल्लेवी म्हणजे त्याची थोरली बहीण. तीस वर्षं घर तीच चालवत होती आणि तिला विचारल्याशिवाय ओस्मो टोपीसुद्धा बदलत नसे. याआधी दोन विधवा त्या घरी कॉफीला जाऊन आल्या होत्या. दोघींनाही दुसरं बोलावणं आलं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. रायलीला तर फारच ठाऊक होतं.

म्हणून तिने गुरुवारी केस न धुताच सेट करून घेतले. सेट मोडू नये म्हणून पाणी लावायचं नव्हतं, आणि शनिवारी सकाळी बघते तर मुळं तेलाने चमकत होती. मग तीनच्या जागी सहा चमचे पीठ चढलं.

"रायली, आज शनिवार आहे, सॉनाचा दिवस," मी म्हटलं.

"कॉफीला बोलावलंय, अंघोळीला नाही. चारच्या बसने मी परत."

ओस्मोच्या अंगणात तिने पाय ठेवला आणि तळ्याकाठच्या सॉनाच्या धुराड्यातून धूर येताना पाहिला. भर दुपारी दोन वाजता, खास पाहुणीसाठी. दारात हेल्लेवी उभी होती, दरवाजाएवढी उंच, हातात टॉवेल घेऊन.

"आधी बायका. तापलाय."

"मला जरा ब्लडप्रेशर..."

"जुनी माणसं सांगून गेलीत, सॉना, दारू आणि डांबर, यांनी जे बरं होत नाही त्याने माणूस मरतोच. चला."

तापवलेल्या सॉनाला नाही म्हणणं म्हणजे वाढलेलं ताट ढकलणं. रायली कपडे काढून आत गेली आणि गुपचूप खालच्या फळीवर टेकली, तिथे वाफ कमी लागते.

"पाहुण्यांनी वर बसायचं," हेल्लेवी म्हणाली, तिला वरच्या फळीवर आपल्या शेजारी बसवलं आणि तापल्या दगडांवर लाकडी डावाने पाणी ओतलं.

पहिल्या वाफेला नुसता वास सुटला. हेल्लेवीने नाक वर केलं. "केक कुठे लागलाय?"

दुसऱ्या वाफेला रायलीच्या नाकावरून एक तपकिरी ओघळ निघाला आणि हनुवटीवर थांबला. तिसऱ्या वाफेला डोकं जड वाटायला लागलं. तिने हात लावला, तर बोटं अडकली. बटाट्याच्या पिठाला पाणी आणि आच मिळाली की त्याचं काय होतं हे रायलीला जन्मापासून माहीत होतं. फक्त ते पातेल्यात होतं, एवढीच तिची समजूत. आता तिच्या डोक्यावर कपडे कडक करायची चांगली दाट खळ तयार झाली होती.

हेल्लेवीने त्या डोक्याला बोट लावलं आणि चिमटीत चोळून पाहिलं.

"बटाट्याचं?"

"हो."

"किती?"

"सहा चमचे."

"एवढ्यात बारा माणसांची खीर होते."

रायलीला वाटलं, संपलं, आपण तिसरी. आणि ती रडायलाच लागली. पोटापर्यंत कोकोचे ओघळ घेऊन, उघडीवाघडी, सगळं बोलून गेली. सेट केलेले केस, आधीच्या दोघी, एकटीचे बटाटे. "मला तुम्हाला आवडायचं होतं हो!"

हेल्लेवी फळीवरून उतरली. कोमट पाण्याची बादली तिने पुढे ओढली.

"खाली ये. डोकं पुढे कर."

पाऊण तास ती गुठळ्या सोडवत होती, आधी बोटांनी, मग लाकडी कंगव्याने. मध्येच दार किलकिलं करून ओरडली, "ओस्मो! आणखी दोन बादल्या!"

"कशाला?" बाहेरून आवाज आला.

"पाहुणी विसळायचीय!"

मग कंगवा ओढता ओढता म्हणाली, "त्या दोघी केस भिजतील म्हणून खालीच बसल्या. पाच मिनिटांत काहीतरी सांगून निघून गेल्या. एक म्हणाली दात दुखतोय." कंगव्यातली गुठळी झटकून म्हणाली, "मला वाटायचं, आमचं घर त्यांना आवडलं नाही. किंवा मी."

कॉफीला रायली बसली ती चपट्या ओल्या केसांनी आणि बिटासारख्या लाल तोंडाने. ओस्मोने तिच्याकडे पाहिलं, पाव तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "घे." चारची बस गेली, सहाचीही गेली. तिघांनी बटाटे आणि मासे खाल्ले. कुणी फारसं बोललं नाही.

आठच्या बसला सोडायला हेल्लेवी फाटकापर्यंत आली.

"पुढच्या शनिवारी डोकं न धुता ये. पीठ लावू नकोस," ती म्हणाली. "धुवायला मी आहे."

त्याला आता सहा वर्षं झाली. ओस्मोने लग्नाचं कधी विचारलंच नाही, असं रायली सांगते. तिच्या मते ते त्या रात्री फाटकातच विचारून झालं होतं, आणि बसमध्ये चढता चढता तिने हो म्हटलं होतं.