गहिनीनाथतात्यांची साखर

शेवटच्या दिवशी सकाळी तात्यांची बायको रतनकाकी त्यांची उशी झटकाया गेली, तर खालून गुळाचा खडा घरंगळला. पायाची जखम सडलेली, अंगात ताप, डोळं धड उघडत न्हाईत, आनि उशीखाली गूळ.

"ह्यो कुनाचा?" काकी म्हनली.

"दगडाबाईचा आसंल." दगडाबाई म्हंजी शेजारीन. काल बघाया आलती.

"तिला ठिवाया दुसरी जागा न्हाई घावली?"

तात्या गालात हसले. दुपारी गेले.

दुखनं दुष्काळात कळलं. बहात्तर साली सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत हुतं. तिथं खायाला गोड सुकडी मिळायची. तात्या आपली खाऊन काकीची बी खायाचे. वर हंडाभर पानी प्यायाचे, आनि बाभळीखाली जिथं लघवीला बसायचे तिथं मुंग्याच मुंग्या. काकीनं त्या बघितल्या आनि तात्यांना धरून पाथर्डीला माधव डॉक्टरकडं न्हेलं.

डॉक्टरनं काचंच्या नळीत निळं औषध घातलं, वर लघवीचे थेंब टाकले, दिव्यावर उकळलं. निळ्याचं विटकरी झालं.

"साखर आहे, तात्या. गोळी रोज, गोड बंद. नाहीतर पाय जाईल."

तात्यांनी गोळी धरली, गूळ सोडला न्हाई. काकी डबा कुलपात घालायची, ह्ये दगडाबाईकडं चहाला जायाचे. दर म्हैन्याला नळी तांबडी, दर म्हैन्याला डॉक्टरची बोलनी.

एक दिवस तात्यांनी डॉक्टरकडं न्ह्यायची लघवीची बाटली काकीम्होरं धरली. "ह्या बारी तू भरून दे. एवढं वाचीव, फुडं गुळाला हात लावनार न्हाई."

"देवाची आन?"

"आन."

काकीनं भरली. डॉक्टरनं उकळली. नळी हिरवी झाली, मंग पिवळी, मंग लालभडक.

"तात्या, पोतं खाल्लं का गुळाचं? गोळ्या वाढवतो."

तात्यांनी एकदा नळीकडं बघितलं, एकदा दाराशी उभ्या काकीकडं. मान खाली घालून म्हनले, "माझ्या वाढवू नका. ती हिची हाय."

डॉक्टरला आधी राग आला, मंग हसू. काकीला बी गोळ्या लागल्या. येष्टीत तात्या म्हनले, "बघ, माझ्यामुळं घावली तुझी साखर. डॉक्टरला जलमात सापडली नसती." गावभर त्येच सांगत हिंडले. काकीनं त्या दिसापून गोड शिवलं न्हाई. तात्या म्हनायचे, "मंग तुझ्या वाटचं वाया घालवू व्हय?"

पुढं पायात बाभळीचा काटा मोडला. ती जखम काय भरली न्हाई.

तेरावा झाल्यावर काकी एकटीच पाथर्डीला गेली. टेबलावर बाटली ठिवली. डॉक्टरनं विचारलं, "तुमचीच ना?"

"आता दुसऱ्या कुनाची आनू?"

नळी उकळली. निळीच राहिली. डॉक्टरनं ती खिडकीच्या उजेडात धरली. काकी लई येळ बघत बसली. मंग बाटली नळाखाली धुतली, पदराला पुसली, आनि येष्टी गाठाया निघाली.