गोष्टीचं म्होतूर

वैशाखातली दुपार, खिडक्यांवर जाड पडदे, कूलरमधल्या भिजल्या वाळ्याचा गारेगार गंध, आणि त्या अर्ध्या अंधारात टीव्हीच्या पडद्यावर अलगद उतरणारं परदेशी बर्फ! लातूरच्या आमच्या बैठकीत त्या दिवशी असा काही अपूर्व ऋतू अवतरला होता की विचारू नका. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं आणि आत कोरियातल्या एका जुन्या हवेलीच्या काळ्या कौलांवर हिमकण इतके निःशब्द, इतके निवांत पडत होते की आपला श्वासही मोठा वाटावा. कूलरमध्ये एवढं पाणी ओतलं म्हणून आत्याबाईंचं सकाळीच एकदा बोलून झालं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला असंच म्हणतात.

सिनेमा लावला होता माझ्या लेकीनं, गौरीनं. हल्लीच्या पोरींना कोरियाचं जे वेड लागलंय त्यातून आमचं घर कसं सुटणार? खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी ती आजीला आपल्या मराठीत सांगत होती. मी तिथं बसले त्याला कारण निराळंच होतं. सिनेमा ज्या जुन्या युरोपीय कादंबरीवर बेतलेला, ती मी नांदेडला कॉलेजात असताना वाचली होती, ग्रंथालयातल्या कुरकुरणाऱ्या पंख्याखाली. श्रीमंत घरातली तरुण विधवा, त्या घरी शिकवायला येणारा एक अबोल गुरुजी, दोघांत हळूहळू उमलत जाणारं प्रेम, आणि अखेरीस खिडकीशी बसून राहिलेली ती. आयुष्यभर बसून राहिलेली! काय संतापले होते मी तेव्हा त्या बाईवर! अगं, ऊठ की, असं त्या पानांना ओरडून सांगावंसं वाटलं होतं.

आमच्यात चौथी होती सुमन, माझी धाकटी जाऊ. धाकटे भाऊजी मोटारसायकलच्या अपघातात गेले तेव्हा ती अगदीच पोर होती. पदरी लेकरू नाही. पुढं शिकली, आणि आता किनवटच्या रानातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. सुट्टीत आमच्याकडं येते. फिक्या साड्या नेसते, कपाळावर असून नसल्यासारखी काळी टिकली लावते. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही आणि तीही कुणाच्या दारात जात नाही. या सुमनला इस्लापूरच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मागणी घातली होती. त्यांचीही पत्नी आजारात गेलेली. बिचारे स्वतः आमच्या घरी आले, मान खाली घालून चहा प्यायले आणि बोलले. सुमनला ते आवडतात, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. त्यांचं नाव निघालं की ही बसल्या जागी पदर सारखा करते.

आत्याबाई बरेच दिवस फुगून बसल्या. मग एकदाच्या म्हणाल्या, "करा बापा, पण म्होतुराच्या रीतीनं करा." आमच्या भागात विधवेच्या दुसऱ्या लग्नाला लग्न म्हणत नाहीत, म्होतूर म्हणतात. दिवस मावळल्यावर लावायचं, चार माणसांत उरकायचं, वाजंत्री नाही, मांडव नाही, सवाष्णींनी समोर यायचं नाही. आणि बाप्याचं दुसरं असलं तर? ते लग्नच! अहो, तोच पाट, तीच वेळ, शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं. त्यातल्या एकाचं लग्न आणि एकीचं म्होतूर! माझं डोकं असं तापलं होतं म्हणून सांगू! पण ज्या बाईचा हा प्रश्न, ती मुकी झाली होती. मास्तर संध्याकाळी फोन करणार होते, आणि सुमननं अजून हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

पडद्यावर बाजार भरला. गाढवं, टोपल्या, वाफाळणारी भांडी, आणि नखशिखांत पांढऱ्या वस्त्रांतली माणसांची ही गर्दी. बाया पांढऱ्या, बाप्ये पांढरे, म्हातारे पांढरे. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया! समदं गावच रंडकं झालंय का काय?" तो शब्द, आणि तोही सुमनसमोर! गौरी घाईघाईनं सांगू लागली, की आजी, तिथले साधे लोक रोजच पांढरं घालायचे, त्यात दुःखाचं काही नाही. मी सुमनकडं बघायचं टाळत होते, आणि ऐकते तर ती हसत होती. कितीतरी दिवसांनी अशी मोकळी हसली. "बरं हाय की मग," ती म्हणाली, "समदेच पांढरे म्हणल्यावर कोण कुणाला बाजूला बसवणार?" आत्याबाईंनी नुसतं पानाचं तबक पुढं ओढलं.

मग कितीतरी वेळ मी सिनेमा पाहतही होते आणि पाहत नव्हतेही. वाळ्याच्या त्या गंधात, त्या हिमशुभ्र उजेडात मन कुठल्या कुठं भरकटत होतं. या कादंबरीचं तरी काय झालं, सांगा बरं! तिचा पहिला संसार तिकडं युरोपात झाला, झग्यांत, झुंबरांखाली, चर्चच्या घंटा ऐकत. मग कुणा दिग्दर्शकाला ती आवडली. त्यानं तिचा हात धरला, तिला सातासमुद्रापार आणलं, रेशमाचा घोळदार झगा आणि आखूड चोळी घातली, चर्चऐवजी बौद्ध मंदिराच्या घंटेवर तिला जागवलं, आणि ती तिथं अशी रुळली की मूळची तिथलीच वाटावी. म्हणजे गोष्टीचंही म्होतूरच लागलं की हे! पण लागलं कसं? वाजतगाजत! सिनेमाच्या सुरुवातीलाच ठसठशीत अक्षरांत तिच्या पहिल्या घराचं नाव झळकलं. ही आधी दुसऱ्याची होती, हिला अंधारातून आत आणा, असं कुणी म्हणालं नाही. गोष्टीला पहिलं घर मिरवता येतं. मग जिवंत बाईनंच ते का लपवायचं? एकदा जीव लावला म्हणून पुन्हा जीव लावायची लाज का वाटून घ्यायची?

सिनेमाचा शेवट त्यांनी कादंबरीहून वेगळा केला होता. ही विधवा उठली! पहाटेच्या धुक्यात, झग्याचा घोळ हातात धरून, कंदील घेऊन ती मागच्या चिंचोळ्या दारानं बाहेर पडली. पलीकडं गुरुजी घोडा धरून उभे. दोघं धुक्यात विरघळत गेली आणि मागं उमटलेली पावलं बर्फानं मिटवून टाकली. काय सुंदर, काय तरल! गौरी हुंदके देत होती, माझे डोळे वाहत होते, आणि आत्याबाईसुद्धा पदर नाकाला लावून म्हणत होत्या, "गेलं बाई लेकरू सुखाला."

सुमनचे डोळे मात्र कोरडे होते. ती रागावली होती. "मागल्या दारानं काहून गेली ही?" गौरी म्हणाली, "काकू, रोमँटिक आहे ते." "कसलं रोमँटिक! येवढा जीव लावला, आन् जायचं मांजरावानी? चोरी केलती का तिनं?" मग ती आत्याबाईंकडं वळून बसली. "आत्याबाई, मला मास्तर पसंत हायती. लई पसंत हायती. पण अंधारात मी न्हाई जायची. लग्न म्हणा, दिवसा लावा, वाजवून लावा. नसता आज मी त्यांना न्हाई म्हणून सांगते. माझ्या वसतिगृहातल्या पोरी हायती मला."

मला वाटलं, आता हातचं सुख जातंय हिच्या! आत्याबाई पडद्यावर सरकत जाणारी ती अगम्य अक्षरं एकटक बघत बसल्या. वाचता तर आम्हा कुणालाच येत नव्हती. धाकटे भाऊजी त्यांचं शेंडेफळ होतं. त्या बाईच्या मनात त्या घटकेला काय काय उलथापालथ झाली असेल, देव जाणे. मी सवाष्ण आहे आणि मी समोर उभी राहणार, एवढं मात्र माझ्या तोंडून बाहेर पडलंच. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

अक्षरं सरून पडदा काळा झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बँड नको. लई कल्ला करून राहिलेत ते आजकाल. हलगीवाले सांगू, आपल्या गावचे."

आणि तेव्हा सुमन रडली. तोंडावर दोन्ही हात घेऊन, अगदी लेकरासारखी. आत्याबाईंनी तिच्या पाठीवर एक धपका घातला आणि म्हणाल्या, "रडती काय येडे? डोळे पूस आधी आन् मास्तरला फोन लाव. तूच लाव, त्यांच्या फोनची वाट कामून बघायची?"