तंबोरा कोण लावत होतं

बाबांचा जुना इलेक्ट्रॉनिक तंबोरा बिघडला, तेव्हा शहाणपणा मीच केला. काड्यापेटीएवढा एक छोटा कॉम्प्युटर आणला, त्याला स्पीकर जोडला आणि तंबोऱ्याचा प्रोग्रॅम त्यात कायम मागे चालत राहील असं बसवलं. त्याला हुकूम द्यायला घरच्या वायफायवर एक वेबपेज केलं. त्यावर बटणं दोनच, सुरू आणि बंद. बाबा रोज सकाळी आपल्या फोनवर बटण दाबून काळी एकच्या सुरात रियाज करायचे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर हौसेनं धरलेली ही एकच गोष्ट.

मी कारेलीबागेतल्या आमच्या फ्लॅटमधूनच ऑफिसचं काम करते. थोड्याच दिवसांत भलतंच सुरू झालं. एखाद्या दिवशी अकराच्या मीटिंगला बसायची वेळ झाली की बाबांच्या खोलीत तंबोरा वाजायला लागायचा.

"बाबा, आत्ता कशाला?"

"मी हातसुद्धा लावला नाही गं."

असं तीन-चारदा झालं. एकदा सगळ्या टीमसमोर हसं झालं आणि माझं डोकंच फिरलं. "मग काय भूत लावतंय? हल्ली तुमच्या काही लक्षात राहत नाही," असं तोंडावर बोलले. ते म्हणाले, "असेल बाई. लावला असेल मीच."

मग उशाशी एक वही आली. 'सात चाळीस, तंबोरा बंद केला.' 'गॅस पाहिला.' 'गोळी घेतली.' शेजारच्या गुजराती काकांनी फिरायला हाक मारली तर "काले आवीश", उद्या येईन, म्हणून टाळायचे, रस्ता विसरेन म्हणून. हळूहळू रियाजही सुटला. आणि मी म्हणत होते, बरं झालं, सकाळी तरी शांतता आहे. लिहिताना लाज वाटते.

एका रविवारी आम्ही समोरासमोर मटार सोलत बसलो होतो. भावाला फोटो पाठवायला मी माझा फोन उघडला, ब्राउझरवर बोट पडलं आणि आत तंबोरा सुरू झाला. बाबांचा चेहरा पांढरा पडला. "मी इथेच होतो ना गं?" त्यांनी विचारलं.

पहिल्या दिवशी चाचणी घेतलेलं पान माझ्या फोनवर तसंच उघडं राहिलं होतं. ब्राउझर उघडला की कधीकधी ते पान नव्यानं यायचं आणि 'सुरू'चा हुकूम पुन्हा जायचा. मीटिंगआधी रोज मीच तो उघडत होते. प्रोग्रॅम मी घाईत लिहिला होता आणि बोल मात्र त्यांना लावला.

दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. बाबांना सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे मी विसरत नव्हतो?" मग "चालशे, चालायचंच" म्हणाले, हसलेसुद्धा.

रियाज पुन्हा सुरू झालाय. तो संपला की बाबा माझ्या दारात डोकावतात, "आता वाजत नाहीये ना?" म्हणतात. मी मान हलवते आणि कामाला लागते. काल केर काढताना वही दिसली. त्यात सकाळचीच नोंद होती: 'सात चाळीस, तंबोरा बंद केला. मुलीला विचारून खात्री केली.'